‘काही नाही’ म्हणण्याचा अधिकार

‘काही नाही’ हे दोन शब्द आमच्या नित्याच्या व्यवहारात इतके स्वस्त झाले आहेत की, ते उच्चारताना आपण एक मोठे विधान करीत आहो याची जाणीव बोलणाऱ्यास क्वचितच असते. एखादी वस्तू आहे असे जो म्हणतो त्याने ती दाखवून द्यावी, हा नियम सर्वमान्य आहे. परंतु ती नाही असे जो म्हणतो त्याच्याकडे पुरावा मागण्याची रीत आमच्यात नाही. असण्याचे ज्ञान श्रमाने मिळते आणि नसण्याचे ज्ञान आपोआप होते, असा एक समज रूढ होऊन बसला आहे. हा समज किती फसवा आहे, आणि त्यापायी तर्काइतकीच नीतीचीही हानी कशी होते, हे पाहण्यासाठी आम्ही येथे एक क्षुल्लक वाटणारे उदाहरण घेणार आहो. ते म्हणजे कातडीखाली येणाऱ्या साध्या, निरुपद्रवी गाठीचे.

या गाठीस आपल्याकडे आवाळू म्हणतात. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, आमच्या परभणी जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या बाजारात थोडा वेळ उभे राहिले असता, टाळूवर, मानेवर अथवा पाठीवर आवाळू घेऊन वर्षानुवर्षे हिंडणारे एखादे माणूस दिसतेच. ते दुखत नाही, म्हणून त्याची चिंता कोणी करीत नाही. पुढे केव्हा तरी डोक्यावरची पाटी टेकेनाशी होते, किंवा फणी अडकून रक्त येते, तेव्हा ती बाई दवाखान्यात जाते. डॉक्टर बोटांनी चाचपून पाहतात आणि म्हणतात, “मावशी, काही नाही, साधी गाठ आहे.” पाव तासात ती काढली जाते, टाके पडतात, आणि गाठ बादलीत जाते. बाई समाधानाने घरी परतते. या सर्व प्रकारात कोणाचेही वाईट हेतू नाहीत, आणि शंभरातून नव्याण्णवांहून अधिक वेळा डॉक्टरांचे म्हणणे खरेही असते. मग आमचा प्रश्न काय? आमचा प्रश्न एवढाच की, ते म्हणणे खरे असले तरी ते त्यांस ठाऊक होते काय?

गाठीचे परीक्षण हा आपल्याकडे नवा विषय नव्हे. सुश्रुताने निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात ग्रंथी आणि अर्बुद यांची लक्षणे वेगवेगळी सांगितली आहेत. मेदापासून होणारी ग्रंथी शरीराबरोबर वाढते व घटते, तिला कंड फार आणि वेदना थोडी असते, आणि ती फुटली असता तिच्यातून तिळाच्या पेंडीसारखे व तुपासारखे द्रव्य निघते, असे त्याचे वर्णन आहे. ज्याने आवाळू फुटलेले पाहिले आहे त्यास हे वर्णन किती नेमके आहे हे सांगावयास नको. तथापि डोळ्यांस जे मेद दिसले ते वस्तुतः मेद नव्हते. हीच फसगत युरोपातही झाली. १८२१ साली ॲस्ट्ली कूपर या नामांकित शस्त्रवैद्याने इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज याच्या डोक्यावरचे आवाळू कापून काढले व त्याबद्दल त्यास बॅरोनेट ही पदवी मिळाली. पुढे अशा गाठींस ‘सिबेशिअस सिस्ट’, म्हणजे कातडीतील तैलग्रंथी तुंबून झालेला कोष, हे नाव पडले. आजही कित्येक डॉक्टरांच्या तोंडी व कागदोपत्री हेच नाव आहे. परंतु या गाठींचा पातळ छेद सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरला असता बहुतेकांत तैलग्रंथीचा पत्ताच नसतो, आणि आतला तो पांढुरका लगदा तेल नसून केराटिन, म्हणजे ज्याची आपली नखे व केस बनतात तेच द्रव्य, असल्याचे दिसते.

छेद पाहावयाचा म्हणजे काय करावयाचे, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. काढलेली गाठ फॉर्मलिनमध्ये ठेवून घट्ट करतात, मद्यार्काने तिच्यातील पाणी काढतात, मग मेणात बसवून तिचे एक मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतके पातळ काप घेतात. असा काप काचपट्टीवर ठेवून त्यास दोन रंग देतात. एक मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडापासून काढलेला हिमॅटॉक्सिलिन. याने पेशींची केंद्रे निळीजांभळी होतात. दुसरा इओसिन, याने बाकीचा भाग गुलाबी होतो. या निळ्या व गुलाबी रंगांच्या भाषेत गाठ आपली हकिकत सांगते. मात्र एक हिशेब वाचकांनी मनात ठेवावा. एक सेंटिमीटर रुंदीच्या गाठीचे असे दोन हजार काप होतील, आणि आपण पाहतो त्यांतले एक-दोन.

या हकिकतीत पहिला प्रकार येतो तो एपिडर्मॉइड कोषाचा. केसाच्या छिद्राचा जो वरचा भाग कातडीच्या पृष्ठभागाशी जोडलेला असतो, त्यापासून हा कोष होतो. म्हणून त्याची भिंत हुबेहूब कातडीसारखी असते. तिच्या आतल्या अंगास, मृत थराच्या अलीकडे, गडद दाण्यांनी भरलेल्या पेशींचा एक बारीक थर दिसतो, आणि पोकळीत केराटिनचे सैल पापुद्रे कांद्याच्या पातीप्रमाणे एकावर एक पडलेले असतात. दुसरा प्रकार ट्रायकिलेम्मल कोष. हा दहांपैकी सुमारे नऊ वेळा डोक्यावर असतो, आणि कित्येक घराण्यांत पिढ्यानपिढ्या चालत येतो. हा केसाच्या मुळाच्या खोल भागातील आवरणाची नक्कल करतो. त्याच्या भिंतीतील पेशी आतल्या बाजूस फुगत जातात आणि एकाएकी केराटिन बनतात. मधला दाणेदार थर मुळीच नसतो. पोकळीतील द्रव्य पापुद्रेदार नसून एकजीव, गच्च व गडद गुलाबी असते, आणि पुष्कळदा त्यात चुन्याचे कण साचलेले असतात. हे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे करण्याचे काम मॅक्गाव्हरन व बिनिंग्टन यांनी १९६६ साली केले, आणि १९६९ साली पिंकस याने डोक्यावरच्या तथाकथित ‘सिबेशिअस’ कोषाचे खरे मूळ केसाच्या आवरणात आहे हे ठासून सांगितले. ज्या गाठीची चिकित्सा सुश्रुतापासून चालू आहे, तिचे बरोबर नाव कळावयास विसाव्या शतकाचे उत्तरार्ध उजाडावे लागले!

आता येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. दुसऱ्या प्रकारची मोठी खूण कोणती? दाणेदार थर नसणे. म्हणजे एक वस्तू तेथे नाही, हे पाहून आपण ती गाठ ओळखतो. नसलेली वस्तू कशी पाहावयाची? हा प्रश्न आमच्या दर्शनकारांनी पूर्वीच सोडवून ठेवला आहे. वैशेषिक परंपरेने अभावास पदार्थांत स्थान दिले. कुमारिलभट्टाने श्लोकवार्तिकात अभावासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले, आणि भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे निराळे प्रमाणच मानले. मात्र त्यास त्यांनी एक अट घातली, आणि ती अट हेच या लेखाचे मर्म आहे. नुसती अनुपलब्धी कामाची नाही, ती योग्यानुपलब्धी पाहिजे. भुईवर घट नाही असे मी म्हणू शकतो, कारण उजेड आहे, डोळे शाबूत आहेत, मी त्या जागेकडे पाहिले आहे, आणि घट असता तर तो मला दिसलाच असता. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, एवढ्यावरून घट नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणासही पोचत नाही. ‘दिसले नाही’ आणि ‘नाही’ या दोहोंमध्ये या एका अटीचे अंतर आहे.

सूक्ष्मदर्शक यंत्राखालच्या या गाठी म्हणजे जणू या सिद्धांताची पाठशाळाच आहे. ट्रायकिलेम्मल कोषात दाणेदार थर नाही, हे जो थर ओळखतो आणि ज्याने भिंत सर्वत्र न्याहाळली आहे तोच म्हणू शकतो. हा अभाव खरा. स्टिॲटोसिस्टोमा नावाचा आणखी एक कोष आहे. त्याची भिंत पातळ, आतून गुलाबी व करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी असते, आणि तिच्या लगत खरोखरीच तैलग्रंथी असतात. हा कोष ताजा कापला तर त्यातून तेलकट द्रव निघतो. परंतु काचपट्टीवर त्याची पोकळी बहुधा रिकामी दिसते, कारण छेद तयार करताना वापरलेल्या द्रवांनी ते तेल विरघळून गेलेले असते. येथे जो म्हणेल की आत काही नव्हते, तो आपल्याच हातांनी धुऊन टाकलेल्या वस्तूच्या अभावाची साक्ष देत आहे. तिसरे उदाहरण फुटलेल्या कोषाचे. अंग लाल होते, ठणकते, आणि लोक त्यास गळू म्हणतात. छेदात पाहावे तो कोषाची भिंत नाहीशी झालेली. फक्त केराटिनचे सुटे तुकडे मांसात विखुरलेले आणि त्यांभोवती अनेक केंद्रांच्या राक्षसी पेशी गोळा झालेल्या. तर्कसंग्रहाच्या अभ्यासकास येथे प्रध्वंसाभावाची आठवण व्हावी. भिंत नाही खरी, परंतु ती होती. आणि ती होती हे तिच्या मागे उरलेल्या पापुद्र्यांवरून अनुमानाने कळते. जो केवळ दिसणाऱ्या वस्तूंची यादी करतो त्यास ही गाठ कधीच कळावयाची नाही.

कोणी म्हणेल, ‘हा कोष की तो कोष, याने त्या बाईस काय लाभ? दोन्ही निरुपद्रवीच ना?’ हा आक्षेप रास्त आहे, आणि गोष्ट एवढीच असती तर हा विषय आम्ही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांवर सोडला असता. परंतु बोटांस जी साधी गाठ लागते ती प्रत्येक वेळी साधी असतेच असे नाही. मानेवरची मऊ गाठ आवाळू म्हणून कापली जाते, आणि छेदात क्षयाची खूण सापडते. आमच्या आजीच्या पिढीने जिला गंडमाळा म्हटले तीच ही. एखाद्या कोषात डुकराच्या पट्टकृमीची अळी निघते. डोक्यावरची गाठ क्वचित दुसऱ्या अवयवातील कर्करोगाची पहिली वार्ता असते. ज्या मुलाच्या अंगावर लहानपणीच, अवेळी व अस्थानी, अनेक एपिडर्मॉइड कोष येतात, त्याच्या आतड्यात पुढे कर्करोगाकडे वळणारे अंकुर असू शकतात. १९५० च्या सुमारास एल्डन गार्डनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने एका कुटुंबाचा अभ्यास करून हा संबंध दाखविला. तेथे गाठ निरुपद्रवी असते, पण तिची साक्ष निरुपद्रवी नसते.

आमच्या भागास विशेष लागू पडणारे आणखी एक उदाहरण आहे. पऱ्हाटी उपटताना, तुरीच्या धसकटांतून अनवाणी चालताना, बाभळीचे फाटे वाहताना हातापायांत काटे मोडणे ही येथील शेतमजुराची रोजची गोष्ट आहे. काट्याबरोबर कातडीचा कण आत रुतला तर तेथे साधा एपिडर्मॉइड कोष होतो. परंतु काट्याबरोबर मातीतील किंवा लाकडावरील काळसर बुरशी आत गेली तर तेथेही, पुष्कळ दिवसांनी, तसलीच गोल, न दुखणारी गाठ होते. बोटांस दोहोंतील फरक कळत नाही. छेद पाहणाऱ्यास मात्र भिंतीत खऱ्या कोषाचे अस्तर नसल्याचे, आणि नीट शोधल्यास बुरशीचे तपकिरी तंतू, कधी कधी त्या काट्याची ढलपीसुद्धा, दिसते. ‘नीट शोधल्यास’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बुरशी मनात धरून जो पाहत नाही त्याच्या डोळ्यांसमोरून ती निघून जाते.

तेव्हा प्रश्न असा की, कापून काढलेली प्रत्येक गाठ काचेखाली जावी काय? याविषयी खुद्द शस्त्रवैद्यांतच मतभेद आहेत. एक पक्ष म्हणतो, माणसाच्या शरीरातून काढलेले काहीही न पाहता टाकू नये. दुसरा पक्ष म्हणतो, नमुनेदार आवाळूत कर्करोग निघण्याचा संभव शेकडा एकाहूनही पुष्कळच कमी आहे. एवढ्यासाठी सर्वांवर खर्चाचा व काळजीचा भार का घालावा? या दुसऱ्या पक्षास आम्ही निर्दय अथवा आळशी म्हणणार नाही. ज्या घरात मजुरीच्या पैशांवर चूल पेटते, तेथे तपासणीचा खर्च ही तात्त्विक बाब राहत नाही. आणि अहवाल येईपर्यंतचे आठ दिवस कित्येकांस गाठीपेक्षा जड जातात, हेही खरे.

तथापि या युक्तिवादात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. पाहावे की पाहू नये, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. त्यात खर्च, संभव, सोय यांचा विचार योग्यच आहे. परंतु न पाहता ‘काही नाही’ असे म्हणावे काय, हा सत्याचा प्रश्न आहे, आणि त्यात खर्चाचा काही संबंध नाही. ज्याने पाहिले नाही त्याने ‘आम्ही ही तपासली नाही, हाताला साधी वाटते, पुन्हा आली, भराभर वाढली किंवा चिघळली, तर लगेच या’ असे म्हणावे. या वाक्यास पैसा पडत नाही. ‘काही नाही’ या उत्तराने बाईचे कान बंद होतात. या उत्तराने तिचे डोळे उघडे राहतात. पहिल्यात डॉक्टर आपला संशय स्वतःपाशीच संपवतो. दुसऱ्यात तो रोग्यास आपला भागीदार करतो. अशिक्षित माणसास इतके बारकावे काय कळणार, असे जर कोणी म्हणेल, तर त्याने या जिल्ह्यातील कोणत्याही कापूस वेचणाऱ्या बाईशी बोलून पाहावे. २०१७ साली शेंदरी बोंडअळीने महाराष्ट्राचा कापूस नासला तेव्हा बाहेरून हिरवे, टणक व निर्दोष दिसणारे बोंड आतून खाल्लेले असते, हा धडा प्रत्येक शेतकऱ्याने घेतला. अळी लहानपणीच आत शिरते व तिचे छिद्र बुजून जाते; म्हणून हिरवी बोंडे तोडून, फोडून पाहा, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. शेतातून काही बोंडे घ्यावीत, ती फोडावीत, आणि मगच शेताविषयी बोलावे, हा त्याचा अर्थ. ज्या बाईस हे कळते तिला गाठीचा छेद का घ्यावा हे कळणार नाही, असे मानणे हा तिचा अपमान आहे.

शिवाय साधने बदलली म्हणजे कर्तव्यही बदलते, हे विसरून चालणार नाही. मुंबईस १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले आणि वसंत रामजी खानोलकरांनी तेथे विकृतिशास्त्राचा पाया घातला, तेव्हा आमचा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. येथील माणसाची गाठ मुंबईच्या काचपट्टीवर जाणे ही कल्पनाही कोणास शिवली नसती. पुढे १९५६ साली औरंगाबादेस आणि १९८८ साली नांदेडास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. २०२३ साली खुद्द परभणीस झाले. ज्या गावी वैद्यकाचे विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाशी बसतात, त्या गावी ‘पाहणार कोण?’ ही सबब टिकत नाही. साधन नव्हते तोवर न पाहणे हे दैव होते. साधन दाराशी आल्यावर न पाहणे हा आपला निर्णय ठरतो, आणि निर्णयास जबाबदारी चिकटलेली असते. म्हणून आमचा कल पहिल्या पक्षाकडे आहे. जे कापले ते पाहावे. जेथे हे खरोखरीच शक्य नाही, तेथे निदान गाठ मध्यावर चिरून उघड्या डोळ्यांनी पाहावी. ती भरीव असेल, अस्थानी असेल, पुन्हा उद्भवलेली असेल, किंवा शेतात राबणाऱ्याच्या हातापायांवरची असेल, तर ती विकृतिशास्त्रज्ञाकडे गेल्यावाचून राहू नये. आमच्या मराठीत ‘निदान’ या एकाच शब्दाने रोगाची परीक्षा आणि ‘कमीत कमी’ असे दोन अर्थ व्यक्त होतात, हा भाषेचा योगायोग असला तरी मोठा बोधप्रद आहे. निदान करणे ही रोग्यास देण्याची कमीत कमी वस्तू होय.

विकृतिशास्त्रज्ञासही ही अट सुटत नाही. दोन हजार कापांतून दोन पाहून तो जे लिहितो, ते त्या दोहोंविषयी खरे असते. म्हणून चांगला विकृतिशास्त्रज्ञ ‘निर्दोष’ एवढा शब्द लिहून थांबत नाही. भिंत कसली होती, दाणेदार थर होता की नव्हता, पोकळीत काय होते, गाठ पूर्ण निघाली की अर्धवट, हे तो सांगतो. ज्या अभावाची तो ग्वाही देतो तो अभाव कसा पाहिला, हे त्या चार ओळींत असते. त्या ओळी वाचल्या म्हणजे कळते की, ‘निरुपद्रवी’ हा निष्कर्ष ‘घातक’ या निष्कर्षाइतक्याच श्रमाने मिळविलेला आहे. आरोप सिद्ध करण्यास जितकी काळजी लागते तितकीच निर्दोष ठरविण्यासही लागते. कारण दोहोंचा भरवसा धरून पुढे जगावयाचे असते ते तिसऱ्याच माणसास.

हा न्याय गाठींपुरता राहावा असे आम्हास वाटत नाही. आम्ही आयुष्य शिकविण्यात घालविले. आमच्या धंद्यात ‘त्या पोरात काही नाही’ हे वाक्य वर्गावर्गांतून ऐकू येते. ते म्हणणाऱ्याने त्या मुलाचे किती काप पाहिले, कोणत्या उजेडात पाहिले, आणि त्याच्यात काही असते तर ते दिसण्याची सोय आपल्या परीक्षेत होती काय, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. सरकारी अधिकारी खेड्यात जाऊन ‘येथे तक्रार काही नाही’ असे लिहितो. तक्रार सांगावयास कोणी धजेल अशी बैठक त्याने घेतली होती काय, हे त्या कागदावर नसते. या सर्वांस मीमांसकाची ती एकच जुनी अट लावून पाहावी: असते, तर तुला दिसले असते काय? या प्रश्नास ज्याच्याजवळ होकारार्थी उत्तर आहे त्याने ‘काही नाही’ असे खुशाल म्हणावे. ऐकणाऱ्यास त्याहून मोठा दिलासा दुसरा नाही. ज्याच्याजवळ ते नाही त्याने ‘मी अजून पाहिलेले नाही’ एवढे सांगावे. त्यात त्याची प्रतिष्ठा जात नाही, आणि समोरच्या माणसाचा विश्वास फुकट जात नाही.